हेही पाहा: झाडांची झोप

सकाळपासून धाकटीचा पाय काही जमिनीवर ठरत नव्हता. चहा गाळला तो अर्धा कपात नि अर्धा ओट्यावर.

"अगं, बैस की जरा," ताई म्हणाली. "आज तुझ्या सूचीकक्षाचा निकाल आहे, लग्न नाही तुझं."

"लग्नात कुठं इतकी उतावीळ होते मी?"

"नव्हतीसच. तेव्हा गणिताच्या पेपराला निघाल्यासारखं तोंड केलं होतंस."

दोघी बहिणी, एक घर, एकच विद्यापीठ. ताई पीकशास्त्र शिकवायची. धाकटी ग्रंथालयाच्या सूचीकक्षात सूचीकार होती. जगभरातून आलेला एकेक शोधनिबंध वाचायचा, चार ओळींत त्याचं सार उतरवायचं, आणि हा कशाकशाबद्दल आहे ते सांगणारे विषयशब्द त्याला जोडायचे, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. बाळाला नाव ठेवावं तसं हे काम. चुकीचं ठेवलं की कोण कुणाला हाक मारणार?

आता ग्रंथालयात नवं शोधयंत्र आलं होतं. प्रश्न विचारा, उत्तर घ्या. मग हवेत कशाला माणसांनी लिहिलेले सारांश आणि विषयशब्द? सूचीकक्ष ठेवायचा की बंद करायचा, ते आज समिती ठरवणार होती. आणि ताई त्या समितीत होती.

"तुझं मत कुणाकडे?" धाकटीनं हळूच विचारलं.

"बहीण म्हणून विचारतेस की सूचीकार म्हणून?"

"चहा करून दिला ती म्हणून."

"मग चहा फिका झालाय. खरं सांगू? महिना झाला, मी तुमच्या सूचीत डोकं घालतेय. प्रयोगशेताच्या कडेच्या ओळीला शेंग धरत नाही. झाडं कशी, हिरवीगार, डौलदार! पण फूल म्हणून नाही. माती, खत, शेंग, सगळे शब्द धुंडाळले, सूचीत काही लागलं नाही हाताला. नव्या यंत्राला विचारलं, तर त्यानं खतापाण्यावर असं प्रवचन झोडलं की मलाच डुलकी लागली."

"मला का नाही सांगितलंस?"

"घरात कामाचं बोलायचं नाही, हा नियम कुणाचा?"

धाकटी खुदकन हसली. नियम तिचाच होता.

सगळ्यांना वाटायचं, यंत्र आलं म्हणून हिची झोप उडाली असेल. झोप उडाली होती खरी, पण आनंदानं. तिच्या मनात केव्हाचं एक खूळ होतं: हे यंत्र आपल्या सूचीला जोडलं तर? यंत्राला पळायची ओढ, सूचीला वाटा ठाऊक. दोघांची गाठ घातली तर काय बहार होईल! भीती एकच. गाठ पडण्याआधीच समितीनं सूची अडगळीत टाकली, तर सगळ्या वाटा बुजणार.

ग्रंथालयातला संगणकवाला तिच्या बाजूचा होता. त्याच्या टेबलाखाली तारांचं जंजाळ असायचं, म्हणून सगळे त्याला गुंतोबा म्हणत. त्यानं जोडणी कालच पुरी केली होती.

"चालेल ना रे?" समितीच्या खोलीत शिरताना धाकटीनं विचारलं.

"चालेल काय, धावेल! फक्त कुणी आडवा प्रश्न विचारू नये म्हणजे झालं."

"आडवाच विचारणार आहोत आपण," धाकटी म्हणाली. "ताई, तुझ्या कडेच्या ओळीचं विचार."

गुंतोबानं कपाळाला हात लावला. समितीचे प्रमुख ग्रंथपालसर चष्म्यावरून बघत राहिले. ताईनं, कुणाचीच बहीण नसल्यासारखा चेहरा करून, प्रश्न सांगितला. धाकटीनं तो टंकला.

भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. फुलोरा न येणं. हेही पाहा: झाडांची झोप. झाडांची झोप. हेही पाहा: रात्रीचा उजेड. रात्रीचा उजेड. हेही पाहा: झाडांची झोप.

आणि मग तेच. झोप, उजेड, झोप, उजेड. घाण्याला जुंपल्यासारखं यंत्र गरगर फिरू लागलं.

"याला भोवळ आली वाटतं," ग्रंथपालसर म्हणाले. कुणीतरी हसलं. गुंतोबा टेबलाखाली शिरला, जणू दोष तारांचाच.

धाकटीनं पडद्यावरचे ते दोन शब्द पुन्हा वाचले, आणि तिला उमगलं. दोष तारांचा नव्हता, सूचीकक्षाचा होता. तिथली शिस्तच तशी होती: एका शब्दाकडून दुसऱ्याकडे वाट काढली, की दुसऱ्याकडून पहिल्याकडे परतीची वाट काढायचीच. माणूस त्या वाटेनं जातो, एखादं सार वाचतो, हवं ते मिळालं की थांबतो. यंत्राला थांबायचं कुठं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्य वाटा बांधण्यात गेलेल्यांना वाटेवर विसाव्याला ओटा बांधायचं सुचलं नव्हतं.

ओटा! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"गुंतोबा, बाहेर ये! पुन्हा त्याच शब्दावर आलं की थांबव त्याला. तिथलं सार दाखवायचं, आणि विचारायचं: हेच का तुमचं?"

"आत्ता?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

त्याची बोटं लाह्या फुटाव्यात तशी कळफलकावर तडतडली. समितीतले दोघे उठू लागले होते. "दोन मिनिटं," ताई म्हणाली, आणि ते बसले. ताईच्या आवाजात तेवढी जरब होती.

यंत्र थांबलं. पडद्यावर चार ओळींचं एक सार आलं. सूचीकक्षाची रीत अशी: सार लिहून झालं की एकीनं शीर्षक न सांगता ते मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं डोळे मिटून ऐकायचं आणि मनात येईल तो शब्द बोलायचा. तोही शब्द निबंधाला जोडला जायचा. धाकटीनं तसंच केलं. शीर्षक हातानं झाकलं.

"डोळे मीट, ताई. रस्त्यावर नव्या प्रखर दिव्यांची चाचणी घेतली. वाहनचालकांना दूरवर स्पष्ट दिसू लागलं. शेवटी एक नोंद: रस्त्यालगतच्या शेतात दिव्यांच्या झोतात आलेली झाडं हिरवी राहिली, पण..."

"दिवे!" ताईनं डोळे उघडले. "अगं धाकटे, दिवे! शेताच्या कुंपणाशी ते पांढरे दिवे लावलेत ना! माझ्या झाडांना रात्रच होत नाहीये गं! रात्र लांबल्याशिवाय ती फुलणार कशी? आणि मी इथं माती तपासत बसलेय!"

हात काढल्यावर शीर्षक दिसलं. रस्त्यावरच्या दिवाबत्तीबद्दल होतं. त्यात झाडाचं नाव नाही, शेंगेचं नाव नाही. कधीकाळी सूचीकक्षात कुणीतरी डोळे मिटून हे सार ऐकलं असणार, आणि म्हटलं असणार: झाडांची झोप.

मग खोलीत एकच गलका. "माझा विचारा." "आधी माझा!" भाषाशास्त्रवाल्या बाई खुर्ची ओढत पुढे आल्या. यंत्र थांबत होतं, विचारत होतं, माणसं उत्तर देत होती. एका उत्तरात सूचीत नसलेला शब्द आला, तर गुंतोबा ओरडला, "हा जोडायचा का?"

"मी बघते," धाकटी म्हणाली. गालांवर लाली चढली होती. "उद्यापासून असे शंभर येतील!"

ग्रंथपालसरांनी टेबलावर टकटक केलं. "मत घ्यायचं राहिलंय. सूचीकक्ष बंद करावा असं कुणाला वाटतं?"

कुणी मान वर केली नाही. सगळ्यांच्या नजरा पडद्याला चिकटलेल्या.

"ताई?" सरांनी विचारलं.

ताई दारात पोचली होती, एक चप्पल पायात, एक हातात. "बंद? सर, या पोरीला अजून चार माणसं द्या! मी निघाले, त्या दिव्यांवर टोपडं चढवायला!"