डाव्या हाताची कॉइल

माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर दोन पांढरे वण आहेत. सोळाव्या वर्षी सिगारेटच्या कारखान्यात लागले, त्या पहिल्या आठवड्यातले. आमच्या कुदूस शहरात तेव्हा मुलगी शाळेतून निघाली की कारखान्यात जायची आणि लवंगेच्या सिगारेटी वळायची. मीही गेले. मी पडले डावखुरी. आमची मुकादमीण लाकडी पट्टी घेऊन रांगांमधून फिरायची. "गोड हातानं कर," म्हणायची आणि डाव्या हातावर पट्टी ओढायची. आमच्याकडे उजव्या हाताला गोड हात म्हणतात. डाव्याला काहीच म्हणत नाहीत, त्याचं काम सगळ्यांना ठाऊक असतं.

एकतीस वर्षं मी उजव्या हातानं सिगारेटी वळल्या. मग यंत्रं आली आणि आम्हाला साखर, तेल आणि एकेक छत्री असलेली पिशवी देऊन घरी पाठवलं. ती छत्री पहिल्याच वाऱ्यात मोडली.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गलीह. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, पुढे माझ्याकडेच वाढला. मोठा झाला, दाढी राखली आणि बाजाराच्या रस्त्यावर व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटींचं, दुकान काढलं. मला म्हणाला, "मावशी, घरी बसून भिंतींशी बोलशील. त्यापेक्षा दुकानात ये, जरा झाडलोट बघ." गेले. दिवसभर पोरं यायची, वाफेचे ढग सोडायची आणि मी त्या ढगातून वाट काढत केर काढायची.

व्हेपचा सगळा जीव कॉइलमध्ये. तारेचे सहा-सात वेढे, त्यांतून ओवलेला कापूस, कापसात मुरलेला रस. तार तापली की रसाची वाफ होते. चव लागली तर तिथं, बिघडली तर तिथं. गलीह कॉइली स्वतः करायचा. दिसायला झकास, वेलबुट्टी काढल्यासारख्या. पण पोरं झुरका घेऊन खोकायची आणि म्हणायची, "गलीह, रस स्ट्रॉबेरीचा दिलास ना? मग जळक्या चादरीसारखा का लागतो?"

एका शुक्रवारी दुपारी तो नमाजला गेला होता. दुकानात मी एकटी. टेबलावर त्याची अर्धवट कॉइल पडली होती. कापूस इतका गच्च कोंबलेला की माझ्या बोटांनाच गुदमरल्यासारखं झालं. सिगारेट वळणाऱ्या कोणत्याही बाईला हे कळतं: गच्च भरलं तर ओढ लागत नाही, सैल भरलं तर घसा भाजतो. मी कापूस उपसला, थोडा विंचरून हलका केला, पुन्हा ओवला. सरकताना किंचित अडला पाहिजे, पण तार हलता कामा नये. टोकं तिरकी कापली आणि न दाबता नुसती टेकवली. आणि मग लक्षात आलं की हे सगळं मी डाव्या हातानं केलं होतं. बघायला कोणी नव्हतं ना.

संध्याकाळी एका पोरानं झुरका घेतला आणि व्हेप उलटसुलट करून पाहिला. "गलीह," तो म्हणाला, "आज काय केलंस रे तू?"

तेव्हापासून कॉइली मी करायला लागले, मागच्या खोलीत. दोन तारा शेजारी ठेवायच्या, ड्रिलला लावून वर केसाएवढी तार गुंडाळायची, मग तारांची ती दोरी दांडीवर वेटाळायची. तापवून बघायची. मधून लाल होऊन कडेला पसरली तर बरोबर, कडा आधी पेटल्या तर चिमट्यानं घासून पुन्हा. गिऱ्हाइकाचा रस विचारल्याशिवाय मी तारेला हात लावत नसे. दूध-केकसारख्या जड रसाला जाड कॉइल, फळाच्या रसाला बारीक. फळ नाजूक असतं, त्याला जाड तारेची धग दिली की त्याचा मुरंबा होतो.

माझे वेढे अर्थातच उलटे पडायचे. कॉइलचे पाय, म्हणजे तारेची टोकं, भलत्या बाजूला येऊन स्क्रूत बसत नाहीत, अशी कुरकूर झाली. गलीह बोलण्यात कधी हरला नाही. म्हणाला, "मुद्दाम आहे ते! उलट्या वेढ्यानं वाफ उलटी फिरते, म्हणून चव जिभेवर टिकते." निव्वळ थाप. पण पोरांना ती इतकी आवडली की पार सेमारंग शहरापर्यंत 'गलीहची उलटी कॉइल' अशी ख्याती झाली. मग कॉइली विकायला डब्या छापून आल्या. झाकणावर गलीहची दाढी, खाली गलीहचं नाव. आयत्या बिळावर नागोबा!

मी म्हटलं, "कोपऱ्यात माझं नाव घाल. बारीक अक्षरात चालेल."

तो मान खाली घालून डब्या रचत राहिला. "मावशी, राग मानू नकोस. पण लोक ही वस्तू तोंडाला लावतात. डाव्या हातानं केलीय म्हटल्यावर कोण लावेल?"

लहानपणी तो तापानं फणफणला होता तेव्हा याच हातानं रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. दार लावून, शेजारणींनी पाहू नये म्हणून. तेव्हा त्याला तो हात चालला होता. त्या दिवसापासून त्याच्यासाठी सकाळी लेन्तोग, त्याची आवडती भात-रश्शाची न्याहारी, आणायचं बंद केलं. आण म्हणावं दाढीला.

मग सेमारंगच्या स्पर्धेचं पत्रक आलं. चवीची स्पर्धा. सगळ्यांना एकच रस, कॉइल मंचावर सर्वांसमोर करायची, वीस मिनिटं. तयार कॉइल आणली की बाद. गलीहचा चेहरा उतरला, पण नाव तर आधीच दिलं होतं. तीन आठवडे तो रोज उलटे वेढे घालायला शिकला. मी चहा ठेवून जायची. एकदाच म्हटलं, "वेढ्यांचं राहू दे, कापूस बघ."

"मावशी, लोकांना उलटी कॉइल हवीय," तो म्हणाला.

बिचाऱ्याचा स्वतःच्याच थापेवर विश्वास बसला होता.

रविवारी आम्ही सेमारंगला गेलो. सभागृह पोरांनी खचाखच भरलेलं, बरीचशी आमच्या डब्या खिशात घेऊन आलेली. मला पहिल्या रांगेत बसवलं, मांडीवर हत्यारांची पेटी. मंचामागे मोठा पडदा, त्यावर प्रत्येकाचे हात दिसत होते. निवेदकानं रस जाहीर केला: पिकलेला फणस.

मी मनात म्हटलं, बारीक घे रे बाबा, बारीक. गलीहनं सगळ्यांत जाड, सगळ्यांत नक्षीदार दोरी उचलली, कारण ती पडद्यावर शोभून दिसत होती. पोरं ओरडायला लागली, "उलटी! उलटी!" त्यानं उलटे वेढे घातले. शिकला होता, चांगले घातले. टाळ्या पडल्या. मग त्यानं कापूस घेतला आणि कोंबला.

बटण दाबल्यावर कॉइल कडेनं पेटली. त्यानं घाईत रस ओतून पुन्हा दाबलं आणि पडद्यावर सगळ्यांना दिसलं, कापसाचा काळा ठिपका झाला होता. गलीहनं वर पाहिलं. त्याला घाम फुटला होता. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती.

मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? पण दयेनं मी उठले नाही. काळा झाला होता तो माझा फणस. डबीतली कॉइल माझी, तिची ख्याती माझी, आणि आता माझ्याच कामाची सर्वांदेखत शोभा होत होती. पेटी उचलली आणि पायऱ्या चढले.

"मावशी, खाली जा," गलीह दातांतल्या दातांत म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत की. सरक."

निवेदक धावत आला. "बू," आमच्याकडे वयस्क बाईला असंच म्हणतात, "इथं फक्त स्पर्धक बसू शकतात. तुम्ही कोण?"

"या डब्यांमधली कॉइल करणारी."

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी मागून ओरडलं, "आजी, तुमचं स्वयंपाकघर तिकडे आहे!"

"आणि तुझ्या व्हेपमध्ये काय आहे रे, पिवळ्या शर्टाच्या?" मी विचारलं. "डबीतली उलटी कॉइल ना? गेल्या महिन्यात मी केलेली. कापूस बदल तो, किती दिवस तोच चघळतोयस?"

आता हशा त्याच्यावर पिकला. परीक्षकांमधले म्हातारे गृहस्थ, पांढऱ्या टोपीचे, निवेदकाला म्हणाले, "नोंद त्या मुलाच्या नावावर आहे. या बसल्या तर टेबल बाद होईल." मग माझ्याकडे वळले. "गुण मिळणार नाहीत, बू. कळतंय ना?"

"गुण तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. "फक्त चव घ्या."

मी बसले. बारीक तार घेतली, साधी, पडद्यावर मुळीच न शोभणारी. आणि डाव्या हातानं वेटाळायला लागले. तेव्हा कुठं सभागृहात कुजबूज सुरू झाली. पडद्यावर माझा हात केवढा तरी मोठा दिसत होता, वणांसकट. पहिल्या रांगेतली एक बाई, माझ्याच वयाची, न राहवून म्हणाली, "अहो, गोड हातानं करा ना. चारचौघांत बरं दिसत नाही."

एकतीस वर्षं हे ऐकलं होतं. पट्टीशिवाय ऐकायची ही पहिलीच वेळ. मी हात थांबवला नाही. "बाई, याच हातात गोडी आहे. दुसऱ्या हातानं नुसत्या सिगारेटी वळल्या."

सहा वेढे घातले. कॉइल हवा जिथून येते त्या भोकाच्या अगदी समोर, किंचित वर बसवली. कॉइल तापवली, मधून लाली फुटली आणि दोन्हीकडे सारखी गेली. कापूस विंचरला, ओवला, कापला, टेकवला. फणसाचा रस थेंबाथेंबानं पाजला, कापूस पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत. दीड मिनिट उरलं होतं.

उठले आणि व्हेप म्हाताऱ्या परीक्षकांपुढे धरला, डाव्या हातानं. माणूस कितीही अडाणी असो, वडीलधाऱ्याला डाव्या हातानं वस्तू देत नाही.

त्यांनी हात पुढे केला नाही. हलकेच म्हणाले, "बू, उजव्या हातानं द्या. मग घेतो."

"केलीय याच हातानं. देणारही याच हातानं. तुम्हाला नको असेल तर टेबलावर ठेवते, पण हात बदलणार नाही."

हात तसाच पुढे धरून ठेवला. त्यांनी माझ्या पेरांकडे पाहिलं, त्या दोन वणांकडे. त्यांची आईही कारखान्यात असेल, आमच्या भागात कोणाची नव्हती? त्यांनी व्हेप घेतला आणि झुरका ओढला. वाफ सोडली.

नियमाप्रमाणे परीक्षकानं एकच झुरका घ्यायचा असतो. त्यांनी दुसरा घेतला.

टेबल बाद झालं. बक्षीस बान्युमासच्या एका मुलाला मिळालं, मुलगा गुणी होता. मी पेटी आवरत होते तेव्हा पिवळ्या शर्टाचा पोरगा मंचाजवळ आला, मागे आणखी दहा-बाराजण. त्यानं गलीहला विचारलं, "खरंच या करतात?"

गलीह पुटपुटला, "माझी मावशी. कॉइल तीच करते."

"मोठ्यानं," मी म्हटलं. "दुकानात थापा कशा मोठ्यानं मारतोस? तसं."

त्याचे डोळे भरून आले होते. पण बोलला, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. "ही माझी मावशी, वारसिनी. प्रत्येक डबीतली प्रत्येक कॉइल हिनं केलीय. डाव्या हातानं!"

पिवळ्या शर्टवाल्यानं आपली डबी पुढे केली आणि पेन दिलं. "बू, नाव लिहा ना."

शाळेतसुद्धा मला डाव्या हातानं लिहू दिलं नव्हतं. सह्या, फॉर्म, बहिणीच्या थडग्यावर कोरायचं नाव, आजवर सगळं उजव्यानंच लिहिलं. पेन डाव्या हातात घेतलं. अक्षरं पहिलीतल्या मुलीसारखी वेडीवाकडी आली, एक वर, एक खाली, शेवटचं थेट गलीहच्या दाढीवर. पोरानं डबी उजेडात धरली आणि अडखळत, एकेक अक्षर लावत, माझं नाव वाचलं.