हिरवी ती हिरवीच

मी एक जुनी हिरवी नाव आहे. मित्रांनो, हिरवी म्हणाले, ऐकलंत ना? इंग्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीवाड्यात हिरवी नाव म्हणजे अपशकुन. पण मला घडवून झालं, तेव्हा जेबेझ कोळ्याच्या डब्यात तोच रंग उरला होता. माझ्या ओकच्या फासळ्यांवर त्याने तो मायेने फिरवला आणि लाटेने मला कडेवर घेतलं.

पहिली वर्षं कौतुकाची गेली. मग मासळी रोडावली. आधी लोक "हार्ड लक, जेबेझ!" म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारायचे. पुढे "कुजकं नशीब" म्हणू लागले, मग "दुर्दैवाचा फेराच लागलाय". ते शब्द शिंपल्यांसारखे माझ्या बुडाला चिकटले. कुजकं? माझी एकही फळी कुजली नव्हती!

खरं कारण मी रोज बघत होते. माझ्याकडे येताना वाटेत बाई दिसली, की जेबेझ अपशकुन म्हणून घरी परतायचा, चहा पिऊन पुन्हा निघायचा. तोवर भरती ओसरलेली असायची. आणि पहाटे त्या वाटेवर बायकाच असत, गळांना आमिष लावून टोपल्या आणणाऱ्या!

शेवटी मला जाळायचं ठरलं. वाळूवर लाकडं रचली गेली. तेव्हा जेबेझची लेक डॉर्कस आडवी आली.

"बाबा, उद्याची एक भरती मला द्या. मग खुशाल जाळा."

"बाई, तीही हिरव्या नावेत!" शेजारचा एनॉक खेकसला. "नशीब किती ताणशील, पोरी? वाटेत बाई भेटली तर?"

"बाई तर मीच, काका! स्वतःला बघून घरी परतू का?"

सगळे हसले. जेबेझने मात्र वल्हं तिच्या हाती दिलं.

ऐन भरतीला आम्ही निघालो. डॉर्कस शीळ घालत होती. नावेत शीळही निषिद्ध! दुपारी परतलो, तेव्हा टोपल्या मासळीने जड झाल्या होत्या.

"आंधळं नशीब," एनॉक पुटपुटला.

"नाही काका, वेळेवर गाठलेली भरती."

माझ्या चितेवर त्या संध्याकाळी मासे भाजले. एनॉकने दोनदा मागून खाल्ले.

आता माझ्या सांध्यांतून वाळू गळते, रंगाचे पोपडे उडतात. मित्रांनो, कुणाला कुजकं म्हणण्याआधी त्याच्या फळ्या ठोकून बघा. आणि मला रंगवायला या. येताना दुसरा डबा आणू नका. हिरवाच आणा.