पाय पोखरला, रंग डोक्याला

मित्रांनो, मी बाभळीचा एक खांब. सोलापुरात नागनाथरावांच्या घराला जोडून गाडीसाठी लाकडी शेड बांधलंय, त्याची डावी बाजू गेली आठ वर्षं माझ्या डोक्यावर आहे. म्हातारा नाही मी, पण वैतागलेला आहे.

नागनाथराव चिंचोळीच्या एका कारखान्यात कामाला. त्यांनी जुनी मोटार घेतली आणि ती उन्हात तापू नये म्हणून शेड बांधायचं ठरवलं. तुळयांचं एक टोक घराच्या भिंतीत, दुसरं आम्हा दोन खांबांवर. सुतार चनबसप्पांनी मला रंधा मारून असं गुळगुळीत केलं, की येणारेजाणारे हात फिरवून बघत.

"मालक, खांब मातीत गाडू नका," चनबसप्पा म्हणाले. "खाली दगड बसवू. न्हायतर वाळवी लागंल."

"दगडावर हलंल की त्यो. दोन फूट गाडा."

गाडलं मला. खांबाचं मत विचारतो कोण?

दोनच वर्षांत मोटार विकली. मग माझ्याखाली अडगळ आली. माझ्या अंगात खिळे ठोकून कुणी पिशवी अडकवली, कुणी हेल्मेट. गळक्या कूलरचं पाणी तर थेट माझ्या पायात. शेवटी नागनाथरावांच्या पत्नी शालनताईंनी तो पसारा हलवला आणि शिलाईच्या दोन मशिनी मांडल्या. टॉवेलच्या कडा शिवायला गल्लीतल्या तिघी येऊ लागल्या. बरे दिवस होते ते. पण पाय आतून पोखरत चालला होता. मी करकरून सांगत होतो.

"अहो, खांब वाजतोय," शालनताई म्हणाल्या.

"लाकूड हाय, वाजणारच की."

महिन्याभरानं त्या पुन्हा म्हणाल्या, "त्याच्यावर वाळवीची माती चढलीया."

"रविवारी रंग मारतो."

आणि मारला हो रंग! पाय सडलेल्या माणसाला नवा सदरा घालावा, तसा.

मग एका दुपारी वावटळ उठली. पत्रे थडथडू लागले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. शालनताईंनी माझ्याकडे पाहिलं, शिलाई थांबवली.

"उठा गं. मशिनी ऱ्हाऊ द्या, आधी आत चला."

शेवटची बाई उंबरा ओलांडते न ओलांडते तोच माझा पाय मोडला. तुळई एका मशिनीवर आदळली आणि मशीन मोडून पडली. तिथं क्षणभरापूर्वी शेजारची उत्कर्षा शिवत बसली होती.

संध्याकाळी नागनाथरावांनी ती मशीन पाहिली. मग त्यांनी चनबसप्पांना फोन लावला. "या. आता तुमी म्हणाल तसं."

चनबसप्पांनी माझा कुजका भाग कापला, खाली दगड बसवला आणि उरलेल्या मला त्यावर उभं केलं. पुटपुटत होते, "आठ वर्षांमागं सांगितलं हुतं."

मित्रांनो, घरातलं लाकूड करकरलं तर रंगाचा डबा शोधू नका, वाकून त्याचा पाय बघा. आणि घरातली बाई एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगत असेल, तर तिला ती तिसऱ्यांदा सांगायला लावू नका.