बारवेची पोस्टरं

आम्ही परदेशात राहतो त्या क्लोनडॉकिन गावाच्या मुख्य रस्त्यावर एक सलून आहे. २०२१च्या फेब्रुवारीत लॉकडाउनमुळे ते बंदच होतं. एका सकाळी कामावर जाताना त्याच्या उतरवलेल्या शटरवर मला माझ्या नवऱ्याने काढलेलं चित्र दिसलं. दगडी बारव, पायऱ्या एकाखाली एक अंधारात उतरत गेलेल्या, आणि तळाशी पाण्याचा हिरवट उजेड. वर इंग्रजीत त्याच्या व्हिडिओ गेमचं नाव, 'बारव'. खाली ओळ होती, 'या वसंतात येतोय'.

मी गाडी बाजूला घेतली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी आजूबाजूला पाहिलं, कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं की हे आमच्या घरातलं आहे. मग फोटो काढला आणि तशीच कारखान्यात गेले.

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलांसाठी नळ्या बनतात, त्यामुळे तो कधीच बंद झाला नाही. रोज बाहेर पडणारी घरात मी एकटी. शैलेंद्र आणि आमची चैत्राली, वय वर्षं आठ, दिवसभर घरात. चैत्रालीची शाळा लॅपटॉपवर आणि शैलेंद्र लहान खोलीत, दार लोटून.

तो आधी एका गेम कंपनीत चित्रं काढायचा. वीस सालच्या सुरुवातीला नोकरी सोडून तो आणि त्याचा नागपूरचा मित्र आशिष स्वतःचा गेम करायला बसले. चित्रं शैलेंद्रची, प्रोग्रामिंग आशिषचं. गेममधली मुलगी पाण्यासाठी बारवेत उतरते आणि प्रत्येक टप्प्यावर तिला आणखी जुना काळ भेटतो. पहिल्या लॉकडाउनमध्ये त्यांनी एक छोटा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. लोक घरात अडकलेले होते, त्यामुळे असेल, पण कुठून कुठून माणसं जमली. पोलंडमधली, ब्राझीलमधली, आणि एक तर आमच्याच क्लोनडॉकिनची.

मग त्या लोकांनी एक मागणी केली. शैलेंद्रने जेवताना मला ती वाचून दाखवली होती. 'आम्हाला तुमच्या गेमचा प्रचार करायचाय. आम्हाला बॅनर द्या, प्रोफाइलला लावायला चित्रं द्या, जे द्याल ते आम्ही सगळीकडे लावू.'

"फुकट, मेधा! कुणी सांगितलं नसताना," तो म्हणाला. मी त्याला इतकं हरखलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्याने बॅनर केले. त्यांनी फोनसाठी मागितले, तेही केले. मग चौकोनी, मग लांबट पट्टी, मग छापता येईल असं मोठं पोस्टर. संध्याकाळी मी दारातून डोकावले की पडद्यावर नवीन काहीतरी असायचं, दिवट्या, शेवाळ, देवळीतली मूर्ती. मला वाटायचं गेम झपाट्याने पुढे सरकतोय.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी शटरचा फोटो त्याच्यासमोर धरला. तो खूश होईल असं वाटलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"कोणी लावलं हे?"

"मला काय माहीत! तुझेच कुणी चाहते."

"तारीख कशाला टाकली? मी तारीख दिली नव्हती." आणि तो खोलीत गेला.

मला वाटलं, मुदतीचं टेन्शन असेल.

दोनच दिवसांनी मला पोस्टर लावणारीही भेटली. पन्नाशीची बाई, सुपरमार्केटचा गणवेश, हातात चिकटपट्टी. लाँड्रीच्या काचेवर तेच चित्र लावत होती. मी जवळ जाऊन म्हणाले, हे माझ्या नवऱ्याचं काम आहे. तिने मास्कवरून डोळे मोठे केले. तिचं नाव ग्रॉन्या.

"तुम्हाला कल्पना नाही, मी किती वाट बघतेय," ती म्हणाली. तिची आई वृद्धाश्रमात होती. भेटायला आत सोडत नव्हते, खिडकीबाहेर उभं राहून बोलायचं. "बोलायला तरी काय उरतं? मग मी फोनवर ही चित्रं दाखवते. ती विचारते, आपण खाली कधी जायचं? मी म्हणते, मे महिन्यात, मॅमी. मे महिन्यात मी टॅब आत पाठवणार आहे."

मी तिला म्हणाले, "नक्की." कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी शैलेंद्रला म्हटलं, "मला गेम खेळायचाय."

"अजून दाखवण्यासारखा नाही."

"असेल तसा दाखव. वसंतात येतोय ना?"

तो उष्टी ताटं तशीच टाकून उठला. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि तो मागे उभा राहिला.

गेम सुरू झाला. मुलगी बारवेच्या तोंडाशी उभी होती. मी तिला खाली नेलं. पहिला टप्पा सुरेख होता. दुसऱ्यावर एक म्हातारी बसली होती, पण बोलत नव्हती. तिसऱ्यावर भिंती होत्या, त्यांच्यावर काहीच नव्हतं, नुसता करडा रंग. तिथून एक पायरी उतरले आणि मुलगी जमिनीतून आरपार गेली. काळोखात ती पडायला लागली. पडतच राहिली. मी सगळी बटणं दाबली.

"हे काय?"

"खाली काही नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये, मेधा. आशिष गेल्या जुलैतच यातून बाहेर पडला. त्याच्या बाबांचं दुखणं निघालं, तो नागपूरला परत गेला, तिथेच नोकरी धरली. तेव्हापासून एक पायरी वाढलेली नाही."

पडद्यावर ती मुलगी अजून पडत होती. मी स्क्रीन बंद केली.

"मग इतके महिने या खोलीत तू करत काय होतास?"

"ते चित्रं मागत होते," तो म्हणाला. "तेवढंच मला येत होतं. रोज वाटायचं, उद्यापासून प्रोग्रामिंग शिकायला घेईन. शिकायला बसायचो, काही कळायचं नाही. तेवढ्यात कुणीतरी नवीन साइझ मागायचं."

तो रडला नाही. रडला असता तर मी त्याच्यावर इतकी चिडले नसते. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेरच्या खोलीतून चैत्राली ओरडली, "आर यू गाइज ओके?" आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

मी त्याला न विचारता आशिषला फोन लावला. गेमचं काय झालं ते विचारलं.

"वहिनी, मी त्याला जातानाच सांगितलं होतं, हे बंद कर म्हणून," तो म्हणाला. "माझं काम अर्धवट होतं. दुसऱ्या कुणाला ते समजायचंही नाही, पहिल्यापासून लिहावं लागेल. बाबा अजून अंथरुणावर आहेत. मी नाही करू शकत हो. त्याने लोकांना सांगितलं नाही?"

"नाही."

"अरे देवा."

सांगायचं शेवटी मीच ठरवलं. "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन," म्हटलं. त्याने लिहिलं. साधं, सरळ. गेम होणार नाही, बऱ्याच महिन्यांपासून त्याचं काम बंद आहे, चित्रं गेममधली नाहीत, मी वेगळी काढत होतो, मला माफ करा.

पहिला तासभर जे आलं ते भलतंच होतं. लोकांना ती जाहिरातीची शक्कल वाटली. कोणी लिहिलं, 'बारव आटली! जबरदस्त!' एकाने विचारलं, या घोषणेचा बॅनर मिळेल का, काळ्या रंगात. शैलेंद्रने पुन्हा लिहिलं, आणि मुलगी पडतानाचा व्हिडिओ टाकला. मग त्यांना खरं वाटलं. त्यानंतरचं सगळं मी वाचलं नाही, त्याने वाचलं. एक-एक, सगळं. मी लॅपटॉप मिटायला गेले तर त्याने माझा हात बाजूला केला.

ग्रॉन्याने काहीच लिहिलं नव्हतं. तीन-चार दिवसांनी ती आमच्या दारात आली. पत्ता कुणी दिला कोण जाणे, आमच्या भागात भारतीय घरं तशी मोजकीच. ती दारापासून लांब, फाटकाशी उभी राहिली.

"खरं आहे?" तिने शैलेंद्रला विचारलं.

"हो."

"काहीच नाही? थोडंसंही?"

"तिसऱ्या टप्प्यापर्यंत आहे. त्याच्या खाली नाही."

ती मान हलवत राहिली. रागावली नव्हती. "मी आईला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ती सगळं विसरते. माझं नावही. ही एवढी एक गोष्ट विसरत नाही. आता मी तिला काय सांगू?"

शैलेंद्र घाईघाईने पुढे झाला. "मी त्यांच्यासाठी एक चित्र काढतो. खास. तळाशी पोहोचल्याचं, पाण्याचं. उद्याच देतो."

ग्रॉन्या दोन पावलं मागे सरली.

"नको रे बाबा," ती हळूच म्हणाली. "आता चित्रं नकोत." आणि फाटक नीट लावून गेली.

तो दारात उभाच राहिला. थंडी आत येत होती. शेवटी चैत्रालीने येऊन दार लावलं आणि इथली मुलं 'ठीक आहे' अशा अर्थी म्हणतात तसं म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

ग्रॉन्या मला नंतर एकदा सुपरमार्केटमध्ये दिसली. मी दुसऱ्या रांगेत गेले. आईचं काय झालं ते विचारायचा धीर झाला नाही.

उन्हाळ्यात शैलेंद्रला स्वोर्ड्स नावाच्या गावात एका ऑफिसात नोकरी लागली. मशीनच्या माहितीपत्रकांची मांडणी करतो. वेळेवर जातो, वेळेवर येतो. दिवस कसा गेला विचारलं तर 'ठीक' म्हणतो. मी आता भांडत नाही. एकदा मुद्दाम भांडण काढून पाहिलं, तर तो प्रत्येक वाक्याला 'बरोबर आहे तुझं' म्हणत राहिला. डॉक्टरकडे चल म्हटलं की 'जाऊ' म्हणतो. जात नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी आम्ही समुद्रावर गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. चैत्राली मागच्या सीटवर केव्हाची उड्या मारत होती. गाडी थांबल्यावर शैलेंद्र म्हणाला, "तुम्ही दोघी जाऊन या. मी बसतो."

"चल ना रे, थोडा वेळ."

"या तुम्ही."

आम्ही गेलो. चैत्रालीने शिंपले गोळा केले, पाय भिजवले, माझी ओढणी ओली केली. बराच वेळ झाला. परत आलो तेव्हा तो तसाच बसलेला होता, दोन्ही हात मांडीवर, समोरच्या भिंतीकडे बघत. सीटबेल्टही सोडलेला नव्हता.