खड्ड्यावरचं पांढरं पाणी

“फाटकातून आत पाऊल टाकलं, की नाकाला कळलं पाहिजे शाळा स्वच्छ आहे ते. नुसतं डोळ्यांना दिसून उपयोग नाही.”

मी शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले त्या सकाळी मोठ्या बाईंनी मला हे ऐकवलं होतं. अजूनही जिना चढताना ते वाक्य त्यांच्याच आवाजात कानात येतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या राज्यात वर्ग, जिने, व्हरांडे, नळांची जागा, सगळं रोज फिनेलने पुसून निघायचं. दप्तरांना तो वास, वह्यांना तो वास. ग्रंथालयातलं पुस्तक घरी नेलं की मुलांच्या आया म्हणे नुसत्या वासावरून ओळखत, हे शाळेचं. आम्हा शाळेतल्या माणसांना मात्र तो वास येईनासा झाला होता.

अशा शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. वयाने लहान, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. एकदा मुलांना घेऊन त्या आपली कचऱ्याची गाडी कुठे जाते ते बघायला गेल्या. गावाबाहेर धुमसणारा डोंगर होता कचऱ्याचा. एरवी सहलीहून येताना बसमध्ये कान किटतात, त्या दिवशी म्हणे पोरं चिडीचूप होती. दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, “आपला कचरा फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही.”

मग शाळेत एकेक सुरू झालं. कागद दोन्ही बाजूंनी लिहायचा. हात धुतलेलं पाणी झाडांकडे वळवायचं. प्रत्येक वर्गात एक पंखामंत्री नेमला, वर्ग रिकामा झाला की पंखा बंद करणारा. एका पंखामंत्र्याने गणिताचे सर फळा पुसत असतानाच बटण खाली केलं. सर ओरडले, तर म्हणतो, “सर, सगळे मैदानावर गेले. तुम्ही एकटेच वारा खाताय.”

आणि मागच्या भिंतीलगत खड्डा केला. डब्यातलं उरलेलं, फळांची सालं, पेन्सिलींचा भुसा, पाचोळा, सगळं त्यात. ओल्या फडक्यात गुंडाळून गांडुळं आली. मुलांनी त्याच दिवशी विज्ञानाच्या बाईंचं नाव गांडूळबाई ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं, की आम्हीही तेच म्हणू लागलो.

मोठ्या बाई लांबूनच, नाकाला रुमाल लावून, खड्डा बघायला आल्या. “मला यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणता तर करा. वास मात्र येता कामा नये.”

“नाही येणार, बाई. चांगल्या खताला मातीचा वास येतो.”

सुरुवातीला तसंच झालं. मुठीत घेतलं तर मऊ, काळं होत चाललं होतं. पण काम नवं, किती काय टाकायचं त्याचा अंदाज नव्हता. एकदा शिळं अन्न जरा जास्त पडलं आणि खड्डा आंबला. भिंतीपलीकडे एका काकांचं घर आहे. ते सदानकदा खिडकीत असतात म्हणून त्यांचं नाव खिडकीवाले काका. ते तरातरा शाळेत आले.

“बाई, तुमची शाळा आहे की उकिरडा? माझं जेवण जात नाही.”

“दार लावून जेवा,” असं कुणीतरी मागून पुटपुटलं. मोठ्या बाईंनी नुसतं वळून पाहिलं, तशी सगळी पांगली. काकांना त्या म्हणाल्या, “मी जातीने लक्ष घालते.”

त्यानंतर काकांची कुरकुर कमी झाली, पण खड्डा आजारी पडला. आतला माल काळा होईना, नुसता लिबलिबीत. गांडुळं मरून वर येऊ लागली. गांडूळबाईंनी पाचोळा वाढवला, पाणी कमी केलं, उलथापालथ केली, नवी गांडुळं आणली. तीही गेली. एक चिमुरडी त्यांना म्हणाली, “बाई, ती रुसलीत का? त्यांना आपले डबे आवडत नसतील. मलापण माझा नाही आवडत.”

एका दुपारी त्या ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर बसल्या. खतावरचं जे काही होतं ते त्यांनी आधीच वाचून काढलं होतं, आणखी एक जाड पुस्तक माझ्याकडून मागवूनही घेतलं होतं.

“ताई, मी सगळं लिहिलंय तसं करतेय हो. माझ्या हातालाच गुण नाही.”

“अगं, असं कुठे असतं?”

“शनिवारी पालकसभा आहे. मी उभी राहून सांगून टाकणार, मला नाही जमलं. खड्डा बुजवा आणि कचऱ्याची गाडी पुन्हा सुरू करा.”

“इतक्यात?”

“मग काय करू? मुलांना सांगितलं होतं, इथे काहीच वाया जात नाही, सगळ्याचं काहीतरी होतं. आता रोज त्यांना मेलेली गांडुळं दाखवू?” त्यांनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि तास झाला म्हणून उठून गेल्या.

माझा एक नेम आहे. सकाळी जाग आल्यापासून शाळेची पहिली घंटा होईपर्यंत मी बोलत नाही. दिवसाचा पहिला शब्द कुणाला टोचून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं हात हलवतात. गणिताचे सर मुद्दाम “काय ताई, काय म्हणता?” असं विचारून हसतात. मी लवकर येते, खिडक्या उघडते, पुस्तकांवरची धूळ झटकते. मनातली प्रार्थना तेवढ्या वेळात होऊन जाते.

दुसऱ्या दिवशी मागची खिडकी उघडली, तर खाली खड्ड्यापाशी मोठ्या बाई एकट्याच. हातात झारी. झाडांना घालतात तसं खड्ड्यावर पाणी शिंपडत होत्या. झारी जड, त्यांचं वय झालेलं. मी धरायला खाली उतरले.

जवळ गेले तर पाणी पांढरं होतं, दुधासारखं. उघड्या मातीवर उभी राहिल्यामुळे असेल, कितीतरी वर्षांनी फिनेलचा तो वास माझ्या नाकाला कळला.

माझी चाहूल लागून त्या दचकल्या. मग हुश्श केलं.

“तुम्ही होय! बरं झालं तुम्हीच आलात, तुमचं मौन असतं. नंतरही कुणाला बोलू नका हं.” त्यांनी आवाज बारीक केला. “ते काका वरपर्यंत तक्रार करणार होते. खड्डा बंद करावा लागला तर त्या पोरीचं मन मोडेल हो. जीव टाकते ती या शाळेसाठी. म्हणून मीच रोज येते, शाळा भरायच्या आधी. एवढी झारी ओतली की वास मरतो. हल्ली वास जरा वाढलाय, म्हणून दोन झाकणं जास्त घालते. तिला कळू द्यायचं नाही. तिला वाटू दे, तिचंच नीट चाललंय.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना ते मान डोलावल्यासारखं वाटलं असावं. रिकामी झारी माझ्या हातात देऊन त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेल्या.

घंटा झाली. माझी जीभ मोकळी झाली. पोरं पुस्तकं परत करायला आली, त्यांच्याशी बोलले, हसलेसुद्धा. पण जे बोलायचं होतं ते काही बाहेर येईना. जेवणाच्या सुट्टीत गांडूळबाई बादली घेऊन खड्ड्याकडे जाताना दिसल्या. मी नजर वळवली.

संध्याकाळी घरी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर बारीक चाकं बघून ह्यांना माणसाचंही कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

“आज शाळेत घंटा झालीच नाही वाटतं?” ह्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं.

“सांगून टाक की त्या मुलीला.”

“अहो, मोठ्या बाईंनी विश्वासाने सांगितलंय. मी बोलणार नाही हे धरून सांगितलंय.”

“तू हो म्हणालीस?”

“नाही.”

“नाही म्हणालीस?”

“नाही.”

“मग शब्द दिला कुणी?”

“त्यांना वाटलं मी दिला. त्यांच्या मनात तो आहेच ना?”

ह्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझा नेम जिभेचा आहे की सोयीचा?”

मला ते लागलं. मी सालं गोळा करून उठले. ओट्यापाशी उभी राहिले तरी वाक्य पाठ सोडेना. कुणाला दुखवू नये म्हणून मी गप्प राहायला शिकले होते. आता माझ्या गप्प राहण्याने एक मुलगी स्वतःला नालायक समजत होती आणि एक म्हातारं माणूस रोज सकाळी प्रेमाने विष शिंपडत होतं. मी हात पुसले. ज्यांनी मला सांगितलं, त्यांच्याशीच आधी बोलायचं, असं ठरवलं. त्यांच्याआडून नाही.

सकाळी घंटेचा नाद विरतो न विरतो तोच मी मोठ्या बाईंच्या दारात उभी होते.

“या. आज एवढ्या लवकर?”

“बाई, एक विचारू? आपण फिनेल कशासाठी वापरतो?”

“हा काय प्रश्न? जंतू मारायला.”

“खड्ड्यातलं काम जंतूच करतात, बाई. ते आणि गांडुळं. ते मेले की नुसतं सडतं. म्हणून वास वाढत गेला.”

त्यांचं लिहिणं थांबलं. “कोण म्हणतं?”

“तिने मागवलेल्या पुस्तकात आहे. तिच्या आधी मी चाळलं होतं.”

“काल का नाही बोललात?” त्यांचा आवाज चढला आणि मध्येच उतरला. “हां. मौन. आणि घंटा झाल्यावर?”

“धीर झाला नाही.”

“माझी इतकी भीती वाटते?”

“भीतीपेक्षा... तुम्ही तिच्यासाठी करत होतात. ते मोडवत नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. थकलेला दिसला. “म्हणजे ती सगळी गांडुळं मी मारली.”

मी मागचं दार लोटून घेतलं.

“आणि शनिवारी ती पालकांपुढे उभी राहून म्हणणार, माझं चुकलं.”

“हो.”

“पुस्तकात असून तिच्या कसं लक्षात आलं नाही?”

“खड्ड्यात कुणी फिनेल टाकत असेल, हे कुणाच्या स्वप्नात येईल? आणि वासाचं म्हणाल, तर तो आपल्याकडे सगळीकडेच आहे.”

हे बोलल्यावर माझी मीच चपापले. मोठ्या बाई मात्र हसल्या, अगदी थोडं, स्वतःशीच. मग बराच वेळ त्या बोटाने टेबलाची कड पुसत राहिल्या.

“तिला मी सांगते,” त्या म्हणाल्या. “आज. शाळा सुटायच्या आत. तुम्ही सांगू नका. माझ्या तोंडून जाऊ दे. शब्द आहे माझा.”

“बरं, बाई.”

“त्या काकांकडेही मीच जाईन. म्हणावं, थोडे दिवस कळ काढा. पण आधी तिला.”

तो दिवस फार लांब गेला. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, खडू पुरेसे आहेत का विचारलं आणि परत फिरल्या. गणिताचे सर म्हणाले, “खडूंची काळजी? तब्येत बरी आहे ना बाईंची?” दुपारी ग्रंथालयात डोकावल्या.

“ती इथे आहे का?”

“वर्गावर आहे.”

“असू दे. वर्गात नको, मुलांसमोर,” असं म्हणून थोडा वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या. “चार माणसांत तिचं कौतुक करायला मला कधी जड गेलं नाही. हे तिच्या एकटीशी बोलायचंय तर पाय निघत नाही बघा.” आणि गेल्या.

शेवटचा तास सुरू झाला. शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते. मी मागच्या खिडकीत गेले. गांडूळबाई शनिवारची वाट बघत नव्हत्या. कुदळीने कडेची माती ओढून खड्ड्यात लोटत होत्या. एकेक ढेकूळ पडत होतं. मला वाटलं, खिडकीतूनच ओरडावं, थांब! पण या वेळी मी खरंच शब्द दिला होता, स्वतःच्या तोंडाने. खिडकीचा गज मी घट्ट धरून ठेवला.

खालचं दार वाजलं. मोठ्या बाई बाहेर आल्या. बरोबर कुणी नव्हतं. एरवी कुणी माती उकरताना दिसलं, की त्यांच्या तोंडून आधी “हात धुवा” निघतं. आज त्या काहीच बोलल्या नाहीत. व्हरांड्याची फरशी संपते तिथे क्षणभर थांबल्या. पुढे सगळी ओली माती होती, मुलांच्या पावलांनी तुडवलेली.

मग त्या मातीत उतरल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, घाई न करता, कुदळीच्या आवाजाच्या दिशेने चालू लागल्या.