दुसऱ्याच्या पासवर

सकाळचे साडेआठ वाजले की त्या घरात पळापळ सुरू व्हायची. मुलगा औषध कंपनीचा विक्रेता. एका हातात नमुन्यांची बॅग, दुसऱ्या हातात चहाचा कप आणि तोंडानं एकसारखी विचारणा चाललेली.

“पास कुठं गेला? काल गाडी धुवायला दिली तेव्हा काढून ठेवला होता मी.”

सुनेनं टीव्हीखालच्या खणातून पास काढून त्याच्या हातावर ठेवला. निळा, जाड कागदाचा, वर चाकाच्या खुर्चीचं चित्र. मागच्या बाजूला अप्पांचा फोटो.

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या अप्पांनी विचारलं, “जाताना मला बागेपाशी सोडतोस का? येताना मी टॅक्सीनं येईन.”

“आज नको हो अप्पा, आधीच उशीर झालाय. रविवारी नक्की.”

दार लागलं. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मुलगा गिअर घाईघाईनं टाकतो, हे अप्पांना तिसऱ्या मजल्यावरूनही कळायचं. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत साखरेनं पायाचा अंगठा धरला, मग पाऊल, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय गेला. कृत्रिम पाय बसवला, कुबडी आली. पण पन्नास-साठ पावलं टाकली की पायाच्या टोकाला कातडी सोलली जायची. इमारतीला लिफ्ट होती; गाडी दारापाशी लागली तर अप्पा कुठंही जाऊ शकत होते. लांब लागली तर घर बरं.

म्हणून तर अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावायचा तो पास काढला होता. त्यासाठी कचेरीच्या तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा डॉक्टरांचा दाखला कमी पडला. दुसऱ्यांदा डॉक्टरच रजेवर होते. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पँट वर करायला सांगितली आणि म्हणाले, “त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा.” बाकावरच्या वीस-पंचवीस माणसांसमोर अप्पा भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. कारकुनानं मान वर न करताच विचारलं, “अपंगत्व कायमचं की तात्पुरतं?”

“पाय उगवला की कळवतो, साहेब.”

सगळा बाक हसला. कारकूनही हसला. मुलगा मात्र हसला नव्हता. तो खिशातून रुमाल काढून वडिलांच्या कपाळावरचा घाम टिपत होता. बाहेर आल्यावर म्हणाला होता, “झालं अप्पा. आता तुम्हाला कुठंही नेता येईल.”

आणि त्यानं नेलंही. बागेत, भाच्याच्या लग्नाला, जुन्या बस डेपोतसुद्धा. महिना-दीड महिना हे चाललं. मग एकदा तो एकटाच घाईत होता, जवळपास कुठं जागा मिळेना, आणि पास तर समोर काचेला लटकत होता. तेव्हापासून पास रोज फिरू लागला आणि अप्पा खिडकीपाशी बसू लागले. रविवारी काही ना काही निघायचंच. दिवसभर त्यांची तगमग व्हायची. या खुर्चीतून त्या खुर्चीत, मग पलंगावर, मग परत खिडकीत.

त्या गुरुवारी दुपारी त्यांचा जुना कंडक्टर आला. डेपोत सगळे त्याला ‘घंटी’ म्हणायचे. आल्या आल्या त्यानं तोंड सोडलं.

“काय रे ड्रायव्हर, माणूस तासभर उन्हात वाट बघतो आणि तू भेटतसुद्धा नाहीस?”

“कुठं वाट बघितलीस?”

“मंगळवारी, मोठ्या इस्पितळात. बायकोला डोळे दाखवायला नेलं होतं. दारापाशी तुझी गाडी दिसली, काचेला पास. म्हटलं, आला असशील तपासायला. थांबलो. शेवटी आला तो तुझा मुलगा, बॅग घेऊन. मला ओळखलंसुद्धा नाही. भुर्रकन गेला.”

अप्पांची नजर टीव्हीखालच्या खणाकडे गेली. घंटीचा आवाज खाली आला.

“खरं सांगू? त्याच वेळी एक बाई आल्या. शाळेत शिकवतात. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या, दोन कुबड्या. गाडी स्वतः चालवतात, ब्रेकसुद्धा हातानं. तिथं राखीव जागा दोनच. एकीत तुझी गाडी, दुसरीत आणखी कुणाची. मग त्यांनी पार मागच्या मैदानात गाडी लावली आणि चालत आल्या. उतारावर कुबडी घसरली. मीच उचललं त्यांना. मनगट मोडलंय.”

“मनगट?” अप्पांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कुबडीचा सगळा भार मनगटावर येतो, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मग ते म्हणाले, “घंटी, आपल्या बसमध्ये दुसऱ्याच्या पासवर बसलेला कुणी सापडला, तर काय करायचो रे आपण?”

“करायचंय काय? पुढच्या थांब्यावर खाली.”

“आणि तो म्हणाला, माझ्या बापाचा पास आहे, तर?”

घंटीनं पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी मुलगा घरी आला. त्याचे बूट निघायच्या आतच अप्पांनी विषय काढला. सगळं ऐकून तो आधी गोंधळला, मग चिडला.

“मी काय चोरी केली? आपल्या घरचाच पास आहे.”

“घरचा नाही. माझा आहे.”

“पाच-दहा मिनिटांचं काम असतं हो. सगळेच करतात. शेजारचे काका त्यांच्या आईच्या नावावर करतात, आणि ती माउली चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे!”

“तासभर होती गाडी. घंटी उभा होता तिथं.”

“मग काय करू? दिवसाला दहा डॉक्टर गाठायचे असतात. हे घर चालवायला धावतो ना मी? त्या बाई पडल्या त्याला मी जबाबदार? उतार मी बांधला?”

“त्या उतारावर त्यांना चालायला लावलं कुणी?”

मुलगा सुनेकडे वळला. “तू तरी सांग यांना.”

सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली, पण नवऱ्याकडे न बघता सासऱ्यांकडे बघत म्हणाली, “अप्पा, मीसुद्धा वापरलाय. बँकेत उशीर झाला की. एकदा-दोनदा नाही, कितीतरी वेळा. समोरून कुणी कुबडीवर आलं की मी फोनमध्ये बघत बसायचे.” तिनं किल्ली उचलली, खाली गेली आणि पास आणून अप्पांच्या मांडीवर ठेवला. मुलगा न जेवताच खोलीत गेला.

पास परत आला, पण अप्पांना चैन पडेना. घंटीनं शाळेतून पत्ता काढला आणि शनिवारी त्याला घेऊन ते टॅक्सीनं त्या शिक्षिकेच्या घरी गेले. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. बाई पलंगावर होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. उशीशी वह्यांचा गठ्ठा होता आणि डाव्या हातानं तपासलेल्या वहीवर वेड्यावाकड्या खुणा. मनगट जुळेपर्यंत त्यांना उभंही राहता येणार नव्हतं. स्वच्छतागृहात जायलासुद्धा बहिणीला हाक मारावी लागत होती.

अप्पांनी पास पुढं धरला. “यावर माझा फोटो आहे, बाई. त्या दिवशी जी गाडी होती, ती माझ्या नावावर उभी होती. मला माफ करा.”

बाईंनी फोटो पाहिला, मग अप्पांचा पाय. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; कंटाळा होता, वर्षानुवर्षांचा.

“काका, माफी मागायला आलेले तुम्ही पहिलेच. पण माफी घेऊन मी काय करू? मला ती जागा रिकामी हवी आहे. मी येईन तेव्हा. एवढंच.”

टॅक्सीतून परत आल्यावर अप्पा घराच्या दाराशी उतरताना म्हणाले, “मंगळवारी सकाळी मोकळा आहेस?”

त्या मंगळवारी, आणि नंतर दर मंगळवारी व शुक्रवारी, दोघे इस्पितळाच्या दारापाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसू लागले. व्यवस्थापकांची लेखी परवानगी अप्पांनी आधीच घेतली होती. पास लावलेली गाडी राखीव जागेत शिरली की अप्पा कुबडी टेकत जवळ जायचे आणि विचारायचे, “ज्यांचा पास आहे ते कुठं आहेत?”

कुणी दार उघडून म्हाताऱ्या आईला दाखवायचं, की अप्पा हात जोडून बाजूला व्हायचे आणि घंटी उतरायला मदत करायचा. कुणी म्हणायचं, तुम्ही कोण विचारणार? कुणी शिव्या द्यायचं. बरेच जण खाली मान घालून गाडी मागं घ्यायचे. विचारणारा स्वतः एका पायावर उभा होता. त्याच्याशी फार वेळ भांडणं अवघड जायचं.

तिसऱ्या आठवड्यात ओळखीची गाडी आत आली. काचेला पास नव्हता, पण रखवालदारानं सवयीनं राखीव जागेकडे हात दाखवला आणि मुलानंही सवयीनं गाडी तिकडे वळवली. मग त्याला वडील दिसले.

अप्पा उठले. जवळ गेले. काच खाली आली.

“ज्यांचा पास आहे ते कुठं आहेत?” इतरांना विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं.

मुलगा समोर बघत राहिला. इंजिन चालू होतं. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. मग त्यानं मान वळवून मागं पाहिलं, गाडी सावकाश मागं घेतली आणि मैदानाकडे नेली. दहा मिनिटांनी तो बॅग सांभाळत, घामाघूम होऊन उतार चढून आला. वडिलांसमोर क्षणभर थांबला.

“उतार फार आहे, अप्पा,” म्हणाला आणि आत गेला.

अकरा वाजले तरी ती जागा तशीच रिकामी होती. एक गृहस्थ दोन चकरा मारून वैतागले. “एवढी जागा फुकट घालवताय! कोणी येतंय का?”

“आलं नाही अजून,” अप्पा म्हणाले आणि फाटकाकडे बघत बसले.