पदरचं वाचन

“आणि मेट्रनबाईंनी आज पुन्हा आठ खाटांना पाचच चादरी दिल्या,” सिस्टर शास्त्र वाचायच्या त्याच धीरगंभीर आवाजात म्हणाल्या, “आणि स्वयंपाकघरातल्या त्या महाशयांनी सुपात मीठ टाकायचं सोडलं ते सोडलंच. आमेन.”

“आमेन,” आठही खाटांवरून उत्तर आलं. सिस्टरांनी समाधानानं पुस्तक मिटलं आणि थर्मामीटरचा ट्रे उचलला.

घरापासून दोन विमानं आणि एक बोट इतक्या लांबच्या त्या मिशन इस्पितळात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. मिशनची शिस्त अशी, की कामाला हात लावण्याआधी प्रत्येकानं आपल्या भाषेतलं पवित्र शास्त्र अर्धा तास वाचायचं. सिस्टरांना एकटं बसायला सवड कुठली? त्या स्त्रियांच्या वॉर्डातच स्टूल ओढून मोठ्यानं वाचू लागल्या. बायकांना शब्द कळत नव्हते, पण ऐकायला बरं वाटे. मांडीचं हाड मोडून महिनोन्महिने पडून असलेली शिंपीणबाई तर वाचनाला उशीर झाला की चमच्यानं खाट वाजवायची.

दोन वर्षांहून अधिक काळ सिस्टरांनी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मग घरून फोन आला, आई गेली. नेमक्या त्या आठवड्यात वादळामुळे बोटी बंद होत्या. मातीला पोचणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता त्यांनी त्याच सुरात एक वाक्य पदरचं घातलं, “आई गेली आणि मी इथेच राहिले.” वॉर्डानं आमेन म्हटलं. सिस्टरांना इतकं हलकं वाटलं की पुढे त्याची चटकच लागली. आईपासून सुरू झालेलं गाऱ्हाणं चादरींवर आणि सुपावर कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही.

अशात त्यांची तीन वर्षांची मुदत संपत आली आणि ती वाढवायची की नाही ते पाहायला त्यांना इथे पाठवणाऱ्या गावाकडच्या चर्चचे पाळकसाहेब स्वतः आले. सिस्टरांना मुदतवाढ हवीच होती. गावात घराला आता कुलूप होतं आणि ते उघडायची त्यांची छाती नव्हती. शेवटच्या दिवशी आईच्या उशाशी हेच पाळकसाहेब होते आणि तिची माती त्यांनीच केली होती. दोन दिवस सिस्टरांनी त्यांना औषधांची कपाटं दाखवली, गादीखाली दुमडलेले चादरींचे कोपरे दाखवले, पण आईविषयी चकार शब्द काढला नाही. विषय तिकडे वळतोय असं वाटलं की त्या चहा आणायला उठत. पाळकसाहेबांच्या पोटात चहाला जागा उरली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वॉर्डात येऊन बसले. सिस्टरांनी काना-मात्रेचाही फरक न करता पूर्ण अध्याय वाचला. आमेन आला, पण मरगळलेला.

“आज काय झालंय तुम्हाला?” शिंपीणबाईनं तिच्या भाषेत विचारलं. “रोज मध्येच रागावता, मध्येच हसू दाबता. आम्ही तेच तर ऐकतो. आज नुसतंच वाचलंत.”

“काय म्हणतायत त्या?” पाळकसाहेबांनी विचारलं.

काहीतरी थाप मारता आली असती, पण मांडीवर शास्त्र उघडं होतं, त्यामुळे पंचाईत झाली. सिस्टरांनी सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे चादरींवर आमेन म्हणवून घेतलंत?”

“सुपावरही,” सिस्टर खाली मान घालून म्हणाल्या. “आता मुदतवाढ गेलीच म्हणायची.”

“ते नंतर बघू. काल जे पदरचं वाचलंत, ते आज मला वाचून दाखवा.”

सिस्टरांनी पुस्तक मिटलं. “आईला जाऊन चार महिने झाले, आणि...” रोज सहज निघणारं वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. आज समोरच्या माणसाला ते कळत होतं. त्यांनी विचारलं, “शेवटी काही बोलली का ती? माझ्याबद्दल?”

पाळकसाहेबांना काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “नाही. दूधवाला आला का, विचारलं. आला म्हटलं, तर म्हणाल्या, पाणी घालतो मेला.”

“तीच ती,” सिस्टर म्हणाल्या आणि खो खो हसू लागल्या. हसता हसता त्यांना रडू कोसळलं. चार महिन्यांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या, आणि तेही भर वॉर्डात.

“मुदतवाढीचं माझ्याकडे लागलं,” पाळकसाहेब म्हणाले. “पण आधी महिनाभर घरी या. कुलूप उघडायला मी येतो बरोबर.”

सिस्टरांनी मान हलवली. शिंपीणबाईला यातलं काही कळलं नव्हतं. तिनं प्लास्टरमधला पाय दोन्ही हातांनी उचलून कडेला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हळूच थोपटलं. नर्सनं पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हे सिस्टर नव्या मुलींना ओरडून ओरडून शिकवत आल्या होत्या. त्या उठल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि शिंपीणबाईशेजारी जाऊन बसल्या.